डलहौसीच्या कुरणांत एक दिवस

साताऱ्यास ज्यांचें बालपण गेलें त्यांना डलहौसी हें नांव कसें वाटतें हें निराळें सांगावयास नको. आमच्या शाळेंत इतिहासाचे मास्तर १८४८ सालापाशीं आले कीं खडू खालीं ठेवीत आणि खिडकींतून अजिंक्यताऱ्याकडे पाहत. अप्पासाहेब महाराज निवर्तले, त्यांनीं घेतलेला दत्तक कंपनी सरकारनें अमान्य केला आणि राज्य खालसा झालें. सहा वर्षांनीं, १८५४ त, नागपूरकरांचीही तीच गत झाली. त्या डलहौसीच्या घराण्यानें एके काळीं ज्या कुरणावर मालकी सांगितली, तेथें आपण एक दिवस पदरचे पैसे भरून, पावसांत भिजत, हातांत काठी घेऊन एका पांढऱ्या चेंडूमागें साडेचार तास हिंडूं, असें भाकीत त्या वर्गांत कोणीं केलें असतें तर मास्तरांनीं त्याला बाकावर उभें केलें असतें.

परंतु झालें तें असेंच झालें, आणि त्याला कारण आमचे पुण्याचे एक स्नेही. नोकरींत ते आम्हांपेक्षां चार वर्षांनीं वडील. आमच्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, पाठदुखीवर उपाय म्हणून, त्यांनीं आम्हांला गोल्फ शिकविला. गोल्फ म्हणजे साहेबाचा खेळ, शंभर बिघे जमिनीवर चार माणसांनीं भोगावयाची मिरास, अशी आमची समजूत होती. आणि ती सर्वस्वीं चुकीची होती असें आजही म्हणवत नाहीं. आपल्याकडील बहुतेक गोल्फ-मैदानांना भिंत असते, भिंतीला फाटक असतें, आणि फाटकावर चौकीदार असतो. स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, जेथें हा खेळ वाढला तेथें भिंत नव्हती. आणि तेथें अतिशय कठीण म्हणून जें मैदान गाजलें आहे तें एका लहानशा गांवाच्या मालकीचें आहे. त्या गांवाचें नांव कार्नूस्टी. १९९९ सालीं तेथें ओपन स्पर्धा झाली, तेव्हां शेवटच्या दिवसाचा खेळ आम्हीं दोघांनीं त्यांच्या घरीं दूरचित्रवाणीवर पाहिला होता. मध्यरात्र झाली होती आणि वहिनींनीं दोनदां चहा केला होता. त्या रात्रीं काय घडलें तें पुढें योग्य जागीं सांगूं.

कार्नूस्टीस दोघांनीं मिळून जावयाचें असा बेत वीस वर्षें चालला होता. दोन वर्षांपूर्वीं स्नेह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा अडखळूं लागली. आमचे चिरंजीव डंडी शहरांत नोकरीस आहेत. गेल्या उन्हाळ्यांत त्यांच्याकडे जावयाचें ठरलें तेव्हां आम्ही स्नेह्यांचा निरोप घेण्यास गेलों. एकेक शब्द जुळवीत ते म्हणाले, "शंभराच्या आंत ये. कार्ड मला आण."

ज्यांना या खेळाचा परिचय नाहीं त्या वाचकांसाठीं दोन शब्द. मैदानावर अठरा ठिकाणीं जमिनींत एकेक लहान भोंक असतें, त्याला होल म्हणावयाचें. 'टी' नांवाच्या ओट्यावरून चेंडू मारीत मारीत त्या भोंकांत घालावयाचा. जितके फटके कमी तितका खेळ चांगला. भोंकाभोंवतीं बारीक कापलेल्या गवताचा गालिचा असतो, त्याला आपण हिरवळ म्हणूं. प्रत्येक होलाला निष्णात माणसास किती फटके लागावे हें ठरलेलें असतें. कार्नूस्टीस आमच्यासारख्या पाहुण्यांना ही बेरीज ७२ येते. आमच्यासारख्यानें तेथें शंभराच्या आंत येणें म्हणजे काय हें त्यावरून ध्यानांत येईल. पुण्याच्या सपाट मैदानावर, वारा नसतां, आम्ही पंचाण्णवाच्या आगेंमागें असतों. या खेळाला पंच नसतो, हीही एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. आपले फटके आपणच मोजावयाचे आणि सोबत्यानें कार्डावर लिहावयाचे.

डंडी म्हणजे तागाचें गांव. बंगालचा ताग येथें येऊन त्याचीं पोतीं विणलीं जात. पुढें गिरण्या कलकत्त्याकडे निघाल्या आणि डंडीचीं धुराडीं थंड झालीं. तेथून आगगाडी टे नदीच्या मुखाकांठानें निघते व पंधरावीस मिनिटांत कार्नूस्टीस पोंचते. गाडींतूनच मैदान दिसूं लागलें. आणि खरें सांगावयाचें तर आमची निराशा झाली. ना डोंगर, ना सरोवर, ना झाडांच्या राई. समुद्राच्या बाजूस वाळूचे उंचवटे, त्यांवर करड्या रंगाचें गवत, मधून मधून पिवळ्या फुलांचीं कांटेरी झुडपें, आणि एक ओढा. असली जमीन आपल्या कोंकण किनाऱ्यावर कोणी फुकट घेणार नाहीं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, यासाठीं तुम्ही एवढे पैसे भरलेत?" त्या रकमेचे रुपये किती होतात याचा हिशेब आम्हीं मुद्दाम केला नव्हता, त्यांनीं तो मनांतल्या मनांत केला असावा, कारण पुढें बराच वेळ ते बोलले नाहींत.

अशा जमिनीला स्कॉट लोक 'लिंक्स' म्हणतात. समुद्र आणि नांगराची जमीन यांच्यामधला हा वाळवट पट्टा. येथें पीक येत नाहीं, म्हणून तो मेंढरांना, सशांना आणि गांवच्या रिकामटेकड्यांना मोकळा राहिला, आणि त्या रिकामटेकड्यांतूनच हा खेळ वाढला. बॅरी गांवच्या या कुरणावर सोळाव्या शतकापासून गोल्फ खेळत आल्याची नोंद सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेंट अँड्रूजच्या अ‍ॅलन रॉबर्टसननें येथें दहा होल आंखले. पुढें त्याचाच शिष्य टॉम मॉरिस यानें ते अठरा केले. १९२६ त जेम्स ब्रेडनें सगळ्यांची पुन्हा मांडणी केली. खेळणारे कोण? विणकर, सुतार, चांभार, मजूर. त्यांच्यांतलेच शेंकडो जण अमेरिकेस गेले आणि तेथें गोल्फचे गुरु झाले. विली स्मिथनें १८९९ त आणि त्याचा भाऊ अ‍ॅलेक्स यानें १९०६ व १९१० सालीं अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ते येथलेच. बॉबी जोन्स या थोर हौशी खेळाडूनें लहानपणीं ज्याला पाहून काठी फिरवावयास शिकलें तो स्ट्यूअर्ट मेडनही येथलाच. एवढ्याशा गांवानें एवढी विद्या परदेशीं धाडली, पण स्वतःजवळ ठेवली ती ही जमीन.

या जमिनीचीच गोष्ट आम्हांला सांगावयाची आहे. आपला गव्हर्नर जनरल डलहौसी १८६० त वारला. त्याला मुली होत्या, मुलगा नव्हता. ज्यानें दुसऱ्यांचे दत्तक नामंजूर केले त्याची मार्क्विस ही पदवी अशा रीतीनें त्याच्याबरोबरच संपली! जुनी अर्ल ही पदवी त्याचा चुलत घराण्यांतला नातलग लॉर्ड पॅन्म्यूर याच्याकडे गेली, आणि कार्नूस्टीची जमीन या पॅन्म्यूर शाखेची. १८९० सालीं डलहौसी घराण्यानें हें कुरण गांवाला विकावयाचें ठरविलें. गांवच्या कारभाऱ्यांजवळ पैसा नव्हता. तेव्हां लोकांनीं वर्गणी जमविली आणि ती रक्कम कारभाऱ्यांच्या हवालीं केली. कुरण गांवाचें झालें तें आजतागायत. जमीन अँगस कौन्सिल या स्थानिक संस्थेकडे आहे. गांवकरी वर्षाची थोडकी वर्गणी भरून खेळतात. आम्ही पाहुणे भरपूर मोजतों, आणि त्यांतून गवताची निगा होते. हा व्यवहार आम्हांला फार न्याय्य वाटला. आमचें राज्य एका सहीनें गेलें. यांनीं आपलें कुरण पै-पैशानें मिळविलें. तुलना सरळ नाहीं हें आम्ही जाणतों, परंतु मनांत आली ती लिहिली.

मैदानाला भिंत नव्हती. एक बाई कुत्र्याला घेऊन पहिल्या होलावरून समुद्राकडे चालल्या होत्या. त्यांना कोणीं हटकलें नाहीं. उलट खेळाडूच थांबून राहिले.

एकट्या पाहुण्याला येथें कोणाच्या तरी जोडीस घालतात. आम्हांला जोडी मिळाली ती गांवच्या एका निवृत्त टपालवाल्यांची आणि त्यांच्या चौदा वर्षांच्या नातीची. आजोबांचें वय बहात्तर, पाठ किंचित् वांकलेली, पिशवींत अवघ्या सात काठ्या. त्यांनीं आम्हांला हात दिला, आकाशाकडे पाहिलें आणि म्हटलें, "आज वारा नाहीं." त्या वेळीं आमची टोपी उडून ओढ्याच्या कांठाशीं गेली होती. नातीनें ती आणून दिली. आमचे फटके ती लिहिणार होती, आणि तिचे आम्ही.

पहिला फटका आम्हीं मारला तेव्हां चिरंजीव, हॉटेलाच्या कांचांआडचे चार पाहुणे आणि आमच्या मागून खेळणारे तिघे जण पाहत होते. बॅरीचा ओढा पहिल्याच होलावर आडवा येतो. चेंडू त्याच्या पलीकडे गेला. यापेक्षां त्या फटक्याविषयीं चांगलें असें कांहीं सांगण्यासारखें नाहीं.

पुढच्या चार होलांत आम्हांला या मैदानाची वृत्ति कळली. येथें सलग दोहोंपेक्षां अधिक होल एका दिशेस जात नाहींत असें म्हणतात. त्यामुळें आतां तोंडावर असलेला वारा घटकेनें उजव्या खांद्यावर येतो आणि मागून ढकलील म्हणावें तों डाव्या कानांत शिरतो. वाऱ्याशीं सलगी होत नाहीं. बंकर म्हणजे वाळूचे खड्डे. ते आमच्याकडील खड्ड्यांसारखे उथळ नाहींत. हिरवळीच्या चौकटी विटांप्रमाणें एकावर एक रचून त्यांच्या भिंती उभ्या केलेल्या असतात. दुसऱ्या होलावर आम्ही अशा एका खड्ड्यांत उतरलों, आणि समोर पुरुषाच्या छातीइतकी भिंत! चेंडू पुढें मारण्याची सोयच नाहीं. आलों त्याच वाटेनें मागें मारावा लागला. आजोबा वर कांठावर उभे राहून अगदीं गंभीरपणें म्हणाले, "येथून बाहेर पडण्याचा मार्ग डंडीकडून आहे."

सहाव्या होलाला 'होगनची गल्ली' म्हणतात, आणि येथें आम्ही थोडा वेळ मुद्दाम थांबलों. बेन होगन हा अमेरिकन खेळाडू. १९४९ सालीं त्याच्या मोटारीवर एक बस येऊन आदळली. तो पुन्हा चालेल कीं नाहीं अशी शंका होती. १९५३ त तो कार्नूस्टीस आला. आयुष्यांत या स्पर्धेस तो एवढ्या एकदांच आला, आणि चार फेऱ्यांचे फटके ७३, ७१, ७०, ६८ असे उतरत्या भांजणीनें करून जिंकून गेला. सहाव्या होलावर डाव्या बाजूस कुंपण आहे. कुंपणापलीकडे चेंडू गेला तर दंड. उजवीकडे मध्यावर बंकर आहेत. शहाणीं माणसें उजवीकडून लांबची वाट धरतात. होगननें कुंपण आणि बंकर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींतून चेंडू काढला, अशी कथा. आजोबांना विचारलें, हें खरें काय? ते म्हणाले, "माझे वडील येथें उभे होते. ते म्हणत, एकदां पाहिलें. गांवांत ज्यांनीं चारही वेळां पाहिलें असे लोक इतके आहेत कीं तेवढ्यांना उभें राहावयास येथें जागा नाहीं." आम्हीं उजवीकडून लांबची वाट धरली. पलीकडे लष्कराचें मैदान आहे. तेथून बंदुकांच्या फैरी ऐकूं येत होत्या, आणि आमच्या तिसऱ्या फटक्याच्या वेळीं जी सुटली तिच्यावर आम्ही आजही त्या फटक्याचा दोष घालतों.

नऊ होलांना ५० फटके झाले. शंभरांत एक कमी करावयाचा म्हणजे पुढच्या नऊंत ४९ हवे होते. पाऊस सुरू झाला. नातीनें आपल्या डब्यांतलें एक बिस्किट आम्हांला दिलें, आम्हीं तिला आमच्याकडची आलेपाकाची वडी दिली. तिनें ती तोंडांत घातली, डोळे मोठे केले, आणि मोठ्या सभ्यपणानें गिळली.

दहाव्या होलाचें नांव 'साउथ अमेरिका'. गांवचा एक तरुण नशीब काढावयास दक्षिण अमेरिकेस निघाला होता. निघण्याच्या आदल्या रात्रीं मित्रांनीं त्याला एवढा निरोप पाजला कीं सकाळीं तो येथेंच गवतांत जागा झाला, आणि त्याची दक्षिण अमेरिका येथेंच संपली. गांवाला आपल्यांतल्या यशस्वी माणसांइतकीच अशा माणसांचीही आठवण असते हें पाहून आम्हांला बरें वाटलें. आम्हीं येथें पांच केले. तेराव्यावर चार, चौदाव्यावर सहा. या चौदाव्यावर चष्म्याच्या दोन भिंगांसारखे दोन बंकर शेजारी शेजारी आहेत. ते चुकविण्यांत आमचा जो जीव गेला त्याचें वर्णन करीत नाहीं. चौदा होल झाले तेव्हां कार्डावर बेरीज ७६ होती. चार होल राहिले होते आणि २३ फटक्यांची मुभा होती. पुण्यास त्या वेळीं सायंकाळचे साडेसात वाजले असतील. स्नेही खिडकीजवळच्या खुर्चींत बसले असतील, असें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

पंधराव्याचें नांव 'लकी स्लॅप'. स्कॉट बोलींत स्लॅप म्हणजे कुंपणांतली खिंड. आम्हांला मात्र त्याचा इंग्रजी अर्थच भोंवला. दुसरा फटका उजवीकडे गुडघाभर गवतांत गेला. आजोबा व नात आपापल्या चेंडूंकडे डावीकडे गेलीं होतीं. आमचा चेंडू आम्हांला चटकन् सांपडला. गवताच्या दोन जाड झुबक्यांवर तो अलगद टेकलेला होता. आम्हीं पाय रोंवले, काठी चेंडूच्या मागें नेऊन टेकली, आणि तिच्या दाबानें गवत लवून चेंडू बोटभर खालीं घसरला.

नियम आम्हांला ठाऊक होता. आपल्या हातून चेंडू हलला तर एक फटका दंड. आम्हीं वर पाहिलें. आजोबा पाठमोरे होते. नात छत्रीशीं झगडत होती. समुद्राकडून एक पक्षी ओरडत गेला. मनांत जो विचार आला तो असा: चेंडू खालीं गेला म्हणजे आमची जागा वाईटच झाली, चांगली नव्हे, यांत आमचा लाभ कोणता? असल्या वेळीं मन वकील होतें आणि वकीलही चांगल्यापैकीं. आम्हीं फटका मारला. पुढें दोन-तीन फटक्यांनीं चेंडू भोंकांत गेला. नातीनें पेन्सिल काढून विचारलें, "किती?"

"सहा," आम्हीं म्हटलें.

सोळावा होल एका फटक्यांत हिरवळ गांठावी असा आखलेला आहे, पण स्पर्धेच्या वेळीं त्याची लांबी २४८ यार्ड असते. १९७५ सालीं टॉम वॉटसन येथें जिंकला. बरोबरी सोडविण्याचा खेळ धरून तो पांच वेळां हा होल खेळला, आणि पांचांपैकीं एकदांही त्याला येथें ठरलेल्या तिनांत चेंडू घालतां आला नाहीं. तरीही तो जिंकला! आम्हांला येथें पांच लागले. बेरीज ८७. आणखी बारा फटके मिळत होते. सगळें जमून येत होतें, आणि आम्हांला त्यांत काडीचाही आनंद होत नव्हता. काठी हातांत धरली कीं तो बोटभर घसरलेला चेंडूच दिसे. पुण्याच्या त्या खुर्चीशेजारीं उभें राहून हें कार्ड आपण पुढें करूं, आणि ते डाव्या हातानें तें घेतील, येथपर्यंत चित्र मनांत येई आणि तेथें अडे.

सतराव्याच्या ओट्यावर आम्हीं तें सांगून टाकलें. फार शब्द लागले नाहींत. "पंधराव्यावर माझ्याकडून चेंडू हलला होता. एक फटका वाढवावा."

आजोबांनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. मग विचारलें, "हलल्यावर तुम्हीं तो पुन्हा जागेवर ठेवलात काय?"

"नाहीं."

"मग एक नव्हे, दोन." आणि त्यांनीं शांतपणें समजावून सांगितलें. हललेला चेंडू मूळ जागीं ठेवून खेळला तर एकच दंड. न ठेवतां खेळला तर चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन. आवाजांत ना दूषण होतें ना कौतुक. चुकीच्या पत्त्यावर आलेलें पत्र परत करतांना टपालवाला जसें बोलेल तसें ते बोलले. नातीनें सहाचा आंकडा खोडून आठ लिहिला. पेन्सिल ओली होती, म्हणून खोडलेला सहाही स्पष्ट दिसत राहिला. मग आजोबांनीं खिशांतून पेपरमिंटची पुडी काढली आणि तिघांना एकेक गोळी दिली.

आम्ही एक फटका देण्यास तयार होतों, दोन देण्यास नव्हतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. सतराव्यावर बॅरीचा ओढा असें वळण घेतो कीं पहिला फटका जणूं एका बेटावर टाकावा लागतो. तेथें सहा झाले. आतां बेरीज ९५, आणि अठराव्यावर चारच फटके उरले. नव्व्याण्णव व्हावयाचे तर कार्नूस्टीच्या शेवटच्या होलावर निष्णातांच्या बरोबरीनें खेळावयास हवें होतें.

आतां त्या १९९९ च्या रात्रीविषयीं. व्हान दे व्हेल्डे नांवाचा फ्रेंच खेळाडू या ओट्यावर आला तेव्हां तो तीन फटक्यांनीं पुढें होता. अठरावा होल सहांत संपविला असता तरी विजय त्याचाच होता. त्यानें मोठी काठी घेतली. चेंडू उजवीकडे भरकटला पण बचावला. दुसरा फटका प्रेक्षकांच्या सज्जावर आपटून ओढ्याच्या भिंतीवर उडाला आणि तेथून मागें गवतांत आला. तिसरा ओढ्यांत. मग त्यानें बूट-मोजे काढले, विजार वर दुमडली आणि पाण्यांत उतरून तो चेंडूकडे पाहत उभा राहिला. त्या क्षणीं आमचे स्नेही खुर्चीवरून उठून पडद्याला म्हणाले होते, "अरे, लहान काठी घ्यायची होतीस! लहान काठी!" व्हान दे व्हेल्डेला शेवटीं सात लागले, तिघांची बरोबरी झाली, आणि आणखी चार होल खेळून पॉल लॉरी हा अ‍ॅबर्डीनचा गडी जिंकला. सकाळीं तो दहा फटके मागें होता! त्याच स्पर्धेंत सर्जिओ गार्सिया हा एकोणीस वर्षांचा नामांकित मुलगा ८९ आणि ८३ करून बाहेर पडला व आईच्या खांद्यावर डोकें ठेवून रडला. आमच्यासारख्यांना धीर येण्यास हे आंकडे पुष्कळ आहेत. २००७ सालीं पॅड्रिग हॅरिंग्टननें याच होलावर दोनदां ओढ्यांत चेंडू घातला आणि तरीही तो जिंकला. तेव्हां हा ओढा नेहमींच न्याय करतो असें नाहीं.

आमचा पहिला फटका त्या दिवसांतला सर्वांत चांगला गेला. ओढ्याच्या पहिल्या वळणापलीकडे, मधोमध. समोर दूर हॉटेल, त्याच्या अलीकडे हिरवळ, आणि हिरवळीच्या अलीकडे ओढ्याचें दुसरें वळण. मोठी काठी घेऊन सर्वस्वीं जमला तर दुसरा फटका पाण्यापलीकडे जाण्याचा संभव होता. असा फटका आमच्या हातून वर्षांतून दोनदां जमतो. आम्हीं मोठी काठी पिशवींतून अर्धी बाहेर काढली. आजोबा कांहीं बोलले नाहींत, समुद्राकडे पाहत राहिले. आम्हांला पडद्यासमोर उभे असलेले स्नेही दिसले, दोन्ही हात वर केलेले. काठी पुन्हा आंत ठेवली, लहान घेतली, आणि चेंडू पाण्याच्या वीस पावलें अलीकडे ठेवला. तिसऱ्या फटक्यानें तो ओढा ओलांडून हिरवळीवर गेला. भोंक सात पावलांवर होतें.

चौथा गेला पाहिजे म्हणून तो जोरानें मारला, आणि तो भोंकाच्या कडेवरून तीन हात पुढें गेला. परतीचा चुकला. सहावा आंत पडला. एकशें एक.

नातीनें बेरीज दोनदां तपासली, सही केली आणि कार्ड आमच्या हातीं दिलें. तिला स्वतःला ८८ लागले होते. आजोबांनीं आपले मोजून, कार्ड घडी घालून खिशांत टाकलें आणि किती झाले तें सांगितलें नाहीं. सौभाग्यवती तोंवर चिरंजीवांबरोबर छत्री घेऊन येऊन उभ्या होत्या. "अहो, जिंकलांत का?" त्यांनीं विचारलें. हा प्रश्न त्या वीस वर्षें विचारीत आल्या आहेत.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशीं आम्ही स्नेह्यांकडे गेलों. वहिनींनीं चष्मा आणून दिला. त्यांनीं कार्ड डाव्या हातांत धरलें आणि पहिल्या होलापासून एकेक आंकडा बोटानें मोजीत आले. पंधराव्यावर बोट थांबलें. खोडलेला सहा, शेजारीं आठ. ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग आमच्याकडे पाहून, शब्द शोधीत त्यांनीं विचारलें,

"गवत... केवढें होतें?"

आम्हीं गुडघ्याला हात लावून दाखविलें. ते चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूनें हंसले, आणि सोळाव्याकडे वळले.